कोणाला, किती, कुठवर

प्रिय ताई,

तुझ्या ऑफिसच्या गुगल खात्यांत कोण कोण शिरू शकतं, असं कुणी विचारलं तर तू तुझ्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकल मुलांची नावं सांगशील, टॅली बघणाऱ्या काकांचं सांगशील, स्वतःचं सांगशील. मला त्यापुढची यादी हवी आहे. पीडीएफ जोडून देणारं ॲप, मीटिंगची टिपणं आपोआप काढणारं ॲप, मेलखाली सही चिकटवणारं, क्लायंटला भेटीची वेळ देणारं, स्कॅन केलेले कागद थेट ड्राइव्हवर चढवणारं. यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी तुमच्यापैकी कुणासमोर तरी एक पान उघडलं, त्याच्या तळाशी ‘अनुमती द्या’ असं बटण होतं आणि कामाच्या घाईत कुणीतरी ते दाबलं. ते दाबल्यावर पुढे काय होतं आणि त्याची जबाबदारी कुणावर येते, हे मला तुला नीट सांगायचं आहे.

फोनवर हे जमत नाही. तुझ्यामागे मुदती लागलेल्या असतात, माझ्यामागे मीटिंगा. म्हणून सविस्तर लिहितेय, आणि उघडं लिहितेय. कारण तुझ्यासारखी ऑफिसं सांगलीत आहेत तशी इचलकरंजीत, नगरला, लातूरला, मडगावलाही आहेत. सीएंची, वकिलांची, डॉक्टरांची, पतसंस्थांची. दहा-बारा माणसं, एका डोमेनवरची खाती आणि त्या खात्यांत लोकांच्या आयुष्यभराचे कागद. मोठ्या कंपन्या हे सांभाळायला माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवतात. तुझ्याकडे ते काम तुलाच करावं लागणार आहे.

आधी त्या बटणामागे काय घडतं ते बघ. ॲप तुझा पासवर्ड मागत नाही, हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पूर्वी अशी ॲप्स सरळ मेलचा पासवर्ड मागायची आणि लोक देऊनही टाकायचे. ते थांबावं म्हणून ओऑथ नावाची पद्धत आली. आज सगळीकडे चालते ती तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲप गुगलकडे परवानगी मागतं, गुगल तुला विचारतं, आणि तू हो म्हणालीस की गुगल त्या ॲपच्या हाती एक टोकन देतं. टोकन म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक ओळ. ती ज्याच्या हाती, त्याला तू मान्य केलेलं सगळं करता येतं. रोजच्या वापराचं टोकन तासाभरात संपतं. पण त्याच्याबरोबर बहुतेकदा आणखी एक दिलेलं असतं, आणि त्याच्या जोरावर ॲप दर वेळी नवं टोकन मागून घेतं. त्यासाठी तुला पुन्हा कुणी विचारत नाही, पासवर्ड लागत नाही, मोबाइलवर ओटीपीही येत नाही.

ऑफिसात सगळ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी तू सक्तीची केलीस, याचं मला फार कौतुक आहे. पासवर्ड चोरणाऱ्याला ती अडवते. टोकन घेऊन येणाऱ्याच्या ती आड येत नाही, कारण गुगलच्या लेखी पडताळणी होऊन गेलेली असते. तुझ्याच माणसाने लॉगिन करून, स्वतःच्या हाताने होकार दिलेला असतो.

तुझ्या व्यवहारातली याच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे मुखत्यारपत्र. एका ठरावीक दस्तापुरतं दिलेलं मुखत्यारपत्र वेगळं आणि सगळ्या मिळकतीचं कुलमुखत्यारपत्र वेगळं, हे तू क्लायंटला बजावून सांगतेस. कुलमुखत्यारपत्र देऊन विसरून गेलेल्या माणसाची जमीन कशी जाते, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ॲपला दिलेली परवानगी त्याच जातीची आहे. फक्त इथे साक्षीदार नसतात, मुद्रांक लागत नाही, आणि दिलेल्या अधिकाराची प्रत कुठल्या फाइलला लागत नाही.

आता ते परवानगीचं पान जवळून वाचू. समज, एका आर्टिकलला चाळीस बँक स्टेटमेंटं एका फाइलमध्ये जोडायची आहेत. त्याने एक फुकटचं ॲप शोधलं आणि ‘गुगलने साइन इन करा’वर टिचकी मारली. पहिली ओळ येते: नाव, ईमेल पत्ता आणि प्रोफाइल फोटो. एवढ्यावर भागत असेल तर धोका कमी, कारण ॲपला फक्त ओळख पटवायची आहे. दुसरी ओळ येते, तिचा अर्थ असा: तुमच्या गुगल ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली पाहणे, बदलणे, नव्या तयार करणे आणि हटवणे. इथे थांबायचं. चाळीस कागद जोडायला सगळं ड्राइव्ह कशाला हवं? ‘या ॲपने तुम्ही उघडता तेवढ्याच फाइली’ अशी मोजकी परवानगी गुगलकडे उपलब्ध आहे, आणि नीट बांधलेली ॲप्स तेवढीच मागतात. जे सगळं मागतं, त्याला एकतर काम नीट बांधता आलेलं नाही किंवा त्याला सगळं हवंच आहे. दोन्ही कारणं नको म्हणायला पुरेशी आहेत.

आणि ‘सगळ्या फाइली’ म्हणजे त्या मुलाच्या स्वतःच्या फाइली नव्हेत. त्याला जे जे उघडता येतं, ते सगळं. तू ऑफिसभर शेअर केलेला क्लायंटांचा फोल्डर त्यात आला. त्यातली पॅनकार्डं, आधारच्या प्रती, फॉर्म सोळा, भागीदारीचे करारनामे, कुणाच्या वाटणीचे कागद, कुणाच्या आजारपणाची बिलं. एकोणीस वर्षांच्या मुलाने एका दुपारी दिलेली परवानगी तुझ्या सगळ्या कपाटांपर्यंत पोचते.

मेलची परवानगी त्याहून भारी. ‘जीमेलमधले सगळे ईमेल वाचणे, लिहिणे, पाठवणे आणि कायमचे हटवणे’ अशा अर्थाची ओळ दिसली तर तिथे एकट्याने निर्णय घ्यायचाच नाही. कितीतरी क्लायंटांचं इन्कम टॅक्स पोर्टलवरचं ईमेल तुझ्याच ऑफिसचं असतं, हे तू जाणतेस. पासवर्ड विसरला की ओटीपी मेलवर येतो, विभागाची नोटीस मेलवर येते. ज्याला तुझी मेल वाचता येते, पाठवता येते आणि पाठवल्याची खूण पुसता येते, तो तुझ्या नावाने क्लायंटला ‘या नव्या खात्यावर पैसे भरा’ असंही लिहू शकतो. पत्ता तुझाच, सही तुझीच. क्लायंट शंका तरी कशाची घेणार?

हे सगळं घडून गेलेलं आहे. चार घटना सांगते. प्रत्येकीतली गोम वेगळी आहे, म्हणून चारही.

३ मे २०१७ रोजी जगभरातल्या लोकांना ओळखीच्या माणसाकडून मेल आली: तुमच्याशी एक दस्तऐवज शेअर केला आहे. टिचकी मारली की गुगलचं खरंखुरं परवानगीचं पान उघडायचं. परवानगी मागणाऱ्या ॲपचं नाव होतं ‘गुगल डॉक्स’. पण ते गुगलचं नव्हतं. कुणीतरी आपल्या ॲपला ते नाव दिलं होतं. हो म्हणताच ते मेल आणि संपर्कांची यादी हातात घ्यायचं आणि यादीतल्या सगळ्यांना तीच मेल पाठवायचं. गुगलने सुमारे तासाभरात ते थांबवलं आणि ०.१ टक्क्याहून कमी वापरकर्त्यांना झळ बसल्याचं सांगितलं. यात खोटं पान नव्हतं, चोरलेला पासवर्ड नव्हता. पत्त्याच्या पट्टीत गुगलचाच पत्ता होता. ‘पत्ता बघून टिचकी मारा’ हा आपण सगळ्यांना देतो तो सल्ला इथे निकामी ठरला. नावावर टिचकी मारून ॲप बनवणारा कोण आहे, हे बघितलं असतं तरच कळलं असतं.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ ची. सायबरहेवन ही कंपन्यांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून काम करणारी कंपनी. क्रोम ब्राउझरसाठी तिचं एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप, आहे आणि ते सुमारे चार लाख लोक वापरत होते. २४ डिसेंबरला तिथल्या एका कर्मचाऱ्याला मेल आली की तुमच्या एक्स्टेंशनने नियम मोडले आहेत, ते काढून टाकलं जाईल. दुव्यावरून परवानगीचं पान उघडलं. ॲपचं नाव होतं ‘प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेंशन’. कर्मचाऱ्याने परवानगी दिली. त्याच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी होती, गुगलचं सर्वांत कडक संरक्षणही होतं. पण पडताळणीचा प्रश्न पुढे आलाच नाही आणि पासवर्डही फुटला नाही. त्या एका होकारावर हल्लेखोरांनी एक्स्टेंशनची विषारी आवृत्ती चढवली आणि ती लोकांच्या ब्राउझरांत आपोआप पोचली, ऐन नाताळात. ज्यांचा हा धंदाच आहे त्यांच्याकडे हे झालं. म्हणून तुझ्या मुलांकडून उद्या असं काही झालं तर त्यांना मूर्ख समजू नकोस, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

तिसरी घटना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात वापरणाऱ्यांपैकी कुणीही चुकीचं बटण दाबलं नव्हतं. वेबसाइटच्या कोपऱ्यात ‘काय मदत हवी?’ असं विचारणारी चौकट येते ना, तसली चौकट पुरवणारं ड्रिफ्ट नावाचं उत्पादन. आलेल्या चौकशा ते कंपनीच्या सेल्सफोर्स खात्यात, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या ऑनलाइन वहीत, भरायचं, म्हणून त्याला सेल्सफोर्समध्ये शिरायची परवानगी दिलेली असायची. खरी गरज, खरं ॲप, नामांकित कंपनी. २०२४ मध्ये ड्रिफ्ट सेल्सलॉफ्ट या कंपनीने विकत घेतलं. पुढे हल्लेखोर मार्च ते जून २०२५ या काळात सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड ठेवायच्या जागी, शिरले होते, असं तपासात निघालं. अखेर त्यांच्या हाती लागली ती ड्रिफ्टच्या ग्राहकांनी दिलेल्या परवानग्यांची टोकनं. ८ ते १८ ऑगस्ट २०२५ या दिवसांत ती टोकनं वापरून त्यांनी एकामागून एक कंपन्यांच्या सेल्सफोर्समधली माहिती उपसली. गुगलच्या तपास पथकाच्या अंदाजाने ७०० हून जास्त संस्था यात सापडल्या असाव्यात. क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स यांनी आपली माहिती गेल्याचं जाहीर केलं, आणि या तिन्ही कंपन्या सुरक्षा विकतात. ड्रिफ्टला मेल जोडलेली काही थोडी गुगल वर्कस्पेस खातीही वाचली गेली.

ते काय शोधत होते हे बघ. ग्राहकांच्या तक्रारींच्या मजकुरात कुणी पासवर्ड लिहिलाय का, कुणी क्लाउडची किल्ली चिकटवलीय का. क्लाउडफ्लेअरने गेलेली माहिती स्वतः चाळली तेव्हा तिच्यात त्यांचीच १०४ टोकनं सापडली. त्यांनी ती सगळी बदलली. तुझ्या मेलमध्ये ‘माझा पोर्टलचा पासवर्ड हा घ्या’ असं लिहिणारे किती क्लायंट आहेत, हे शोधून बघ. ‘पासवर्ड’ हा शब्द टाकून मेलमध्ये शोध घेतलास तरी अंदाज येईल.

चौथी घटना थोडक्यात. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की वरिष्ठ अधिकाऱ्यांची मेल वाचली गेली. त्यांच्या मते यामागे रशियन सरकारशी संबंधित गट होता. सुरुवात एका जुन्या चाचणीच्या खात्यापासून झाली. तिथे चाचणीसाठी बनवलेलं एक जुनं ॲप होतं आणि त्याला मुख्य यंत्रणेत मोठे अधिकार दिलेले राहून गेले होते. काम संपलं, परवानगी उरली.

या चार घटनांतून मी एकच गोष्ट घेते. नाव फसवं असू शकतं, जाणता माणूस फसू शकतो, प्रामाणिक ॲपची कंपनी फुटू शकते आणि आपण स्वतः विसरू शकतो. त्यामुळे ‘हे ॲप चांगलं आहे का?’ हा एकच प्रश्न विचारून भागत नाही. चांगल्या ॲपलाही कोणती माहिती दिली, किती दिली आणि कुठवर दिली, हे आपल्याला माहीत असायला हवं. परवानगी एकदा देऊन संपत नाही. ती दिल्या दिवसापासून सांभाळावी लागते.

आणि ताई, इथे माझं मुख्य म्हणणं येतं. ही माहिती आपली नाही. माझ्या स्वतःच्या खात्याला मी काय जोडायचं हा माझा प्रश्न. ऑफिसच्या खात्यात जे आहे ते क्लायंटने तुझ्या भरवशावर ठेवलेलं आहे. ते तिसऱ्याच्या हाती द्यायला त्याची हरकत आहे का, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. तुझ्या व्यवसायाला हे नवीन नाही. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ सालचा. कामाच्या ओघात कळलेली माहिती क्लायंटच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगणं हे त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून नोंदलेलं आहे, तेही पहिल्याच कलमात. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बोलणारी माणसं होती. आज न बोलता, एका टिचकीने, सगळं कपाट दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ शकतं. कर्तव्य मात्र तेच राहिलं आहे.

नवा कायदाही तेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर आहे, आणि तुझ्या वतीने दुसरी कंपनी ती हाताळत असली तरी उत्तर तुलाच द्यायचं आहे. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. शिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. दंडाच्या भीतीने तू हे करावंस असं मला वाटत नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू ते क्लायंटसाठी करशील. पण कायदा कुठे उभा आहे हे ठाऊक असलेलं बरं.

आता करायचं काय, ते सांगते. पहिल्यांदा यादी. तुझ्या ॲडमिन खात्याने गुगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये जा. ‘सिक्युरिटी’, त्यात ‘ॲक्सेस अँड डेटा कंट्रोल’, त्यात ‘एपीआय कंट्रोल्स’. तिथे ऑफिसातल्या खात्यांना जोडलेली बाहेरची ॲप्स दिसतात: नाव काय, किती जणांनी जोडलंय, काय काय मागितलंय. काही नावं तुला ओळखूही येणार नाहीत. घाबरू नकोस, सगळ्यांकडे असंच निघतं. डिजिटल सह्यांच्या डोंगलची नोंदवही तू ठेवतेस, तिच्याशेजारी ही दुसरी वही कर. ॲपचं नाव, ते बनवणारा कोण, आपल्याकडे कुणाला लागतं, कशासाठी, काय परवानगी दिलीय, पुन्हा कधी बघायचं. ज्या ओळीत ‘कुणाला लागतं’ यापुढे नाव लिहिता येत नाही, ते ॲप त्याच दिवशी काढ.

काढताना दोन गोष्टी ध्यानात ठेव. फोनवरून ॲप उडवलं म्हणजे खात्यातली परवानगी गेली असं होत नाही. फुकटच्या वापराचे दिवस संपले म्हणूनही ती जात नाही. ती खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन काढावी लागते. आणि काढल्यावर पुढची वाट बंद होते, पण आधी उचलून नेलेली माहिती परत येत नाही. ज्या ॲपकडे क्लायंटचे कागद गेलेत त्याला मेल करून ते पुसून टाकायला सांग आणि उत्तर वहीत लावून ठेव.

मग पुढच्यासाठी नियम. ‘एपीआय कंट्रोल्स’च्या त्याच पानावर, तू नोंद न केलेल्या ॲप्सचं काय करायचं, हे ठरवता येतं. सगळं मोकळं सोडणं, सगळं बंद करणं आणि मधला एक पर्याय: फक्त नाव-ईमेल मागणाऱ्या ॲप्सना चालू द्यायचं, बाकीच्यांनी आधी ॲडमिनला विचारायचं. मी मधला निवडीन. मुलांना तिथूनच विनंती पाठवता येते आणि ती तुझ्याकडे येते. मग एकेका ॲपला विश्वासाचं ठरव, मर्यादित ठेव किंवा बंद कर. ‘गुगलने या ॲपची पडताळणी केलेली नाही’ असं पान दिसलं तर पुढे जायचंच नाही, हा नियम भिंतीवर लावण्यासारखा आहे. पडताळणी झालेली असली तरी निर्धास्त होऊ नये, हे ड्रिफ्टने शिकवलंच आहे. तुझ्या मैत्रिणीच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टची खाती आहेत ना? तिला सांग, मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या ॲडमिन पोर्टलमध्ये ‘एंटरप्राइज ॲप्लिकेशन्स’खाली हेच सगळं मिळतं.

मीटिंगची टिपणं काढणाऱ्या ॲप्सबद्दल वेगळं सांगते, कारण आता ती सगळीकडे शिरली आहेत. त्यांना कॅलेंडर लागतं. कॅलेंडर दिलं की प्रत्येक मीटिंगला आपोआप हजर होऊन ध्वनिमुद्रण करायची सोय त्यांत असते, आणि काहींत ती सुरुवातीपासूनच चालू असते. एखाद्या क्लायंटशी तू त्याच्या भावाबरोबरच्या व्यवहाराबद्दल बोलते आहेस आणि एक तिसरा ऐकतोय, हे त्याला आवडेल का? त्याला विचारल्याशिवाय असलं काही लावायचं नाही, आणि अवघड विषयाच्या बैठकीला लावायचंच नाही.

ऑफिसचं जे कॉमन ईमेल सगळे मिळून वापरता, त्यावर आधी हात घाल. आर्टिकल मुलं येतात, शिकतात, जातात. त्यांची स्वतःची खाती तू बंद करतेस. पण कॉमन खात्याला त्यांनी जोडलेली ॲप्स मागे राहतात. पासवर्ड बदललास तरी सगळं सुटत नाही. मेलची परवानगी असलेली टोकनं पासवर्ड बदलल्यावर गुगल रद्द करतं, ड्राइव्ह-कॅलेंडरची तशीच राहू शकतात. म्हणून कुणी सोडून जाताना त्याच्याकडून डोंगल आणि किल्ल्या घेतेस त्याच वेळी जोडलेल्या ॲप्सची यादीही बघ. आणि जमेल तेव्हा हे सामायिक खातंच मोडीत काढून ग्रुपचा पत्ता कर, म्हणजे प्रत्येकजण आपापल्या नावाने शिरेल.

काही बिघडलंच, तर क्रम लक्षात ठेव. आधी परवानगी रद्द, मग पासवर्ड. मग मेलमध्ये कुणी नवा फिल्टर किंवा फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का ते तपास. मग कन्सोलमधल्या नोंदी उतरवून ठेव: कोणत्या ॲपने कधी काय उघडलं. मग ज्यांना कळवायचं त्यांना कळव, आणि त्यात क्लायंट आले. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळलं पाहिजे.

वर्षातून दोनदा वही उघड. एकदा जूनमध्ये, रिटर्नची गर्दी सुरू होण्याआधी, आणि एकदा दिवाळीनंतर, ऑडिटची धावपळ ओसरल्यावर. त्यापेक्षा जास्त तुझ्याच्याने होणार नाही आणि तुझ्या ऑफिसला तेवढं पुरे.

शेवटी मुलांबद्दल. हे नियम लावशील तेव्हा सगळ्यात मोठा धोका असा की मुलं विचारायचं सोडतील. ऐन जुलैत कुणी तुझ्याकडे ॲप मागितलं आणि तू चार दिवस उत्तर दिलं नाहीस, तर तो मुलगा क्लायंटची फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवेल आणि तिथून जोडेल. मग ते तुझ्या कन्सोलमध्येही दिसणार नाही. म्हणून विनंतीला त्याच दिवशी उत्तर दे. नाही म्हणताना दुसरी वाट दे. पीडीएफ जोडायचं काम तर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरवर होतं, ते सगळ्या मशिनवर टाकून ठेव. आणि कुणी येऊन म्हणालं, ‘मॅडम, मी काल एका ॲपला सगळ्याची परवानगी दिली वाटतं’, तर आधी शाबासकी दे. त्याने पाच मिनिटांत सांगितलं तर पाच मिनिटांत परवानगी रद्द होते. त्याने घाबरून लपवलं तर तुला क्लायंटच्या फोनवरून कळेल. ही मुलं उद्या स्वतःची ऑफिसं थाटणार आहेत. परवानगीचं पान वाचून मग बटण दाबायची सवय त्यांना तुझ्याकडे लागली, तर ती पुढे कितीतरी लोकांच्या कागदांना राखेल.

माणूस पॅनकार्डाची झेरॉक्स तुझ्या टेबलावर ठेवतो तेव्हा तो पाटीवरचं तुझं नाव बघून ठेवतो. त्या नावामागे आणखी कोणकोणती ॲप्स बसली आहेत, हे त्याला माहीत नसतं आणि असायची गरजही नाही. ते तुला माहीत असलं पाहिजे. जून लागायच्या आत वहीचं पहिलं पान भर आणि मला पाठव. अडशील तिथे फोन कर, कितीही वाजले असले तरी. एकेका नावावर आपण दोघी मिळून निर्णय घेऊ.

तुझी,
धाकटी